गंगीबाईचं शेत मी मोजलं

मी एक जुनं मोजणीचं अ‍ॅप आहे. मित्रांनो, अशी सुरुवात ऐकली की तुम्ही लगेच चेहरा पाडून दया दाखवायला तयार होता, हे मला ठाऊक आहे. फाटकी छत्री, मोडकी खुर्ची, कोपऱ्यात पडलेलं पाटी-दप्तर यांची गाऱ्हाणी ऐकून तुम्हाला तशी सवयच लागली आहे. माझ्यावर दया दाखवू नका. मला ती नको आहे. खरं सांगायचं तर माझा तुमच्यावर रागच आहे. तुम्हाला मित्र म्हणायची इथे रीत आहे म्हणून म्हणतो, एवढंच.

राग कशाचा, ते आधी ऐका. माणूस चुकला की म्हणतो, "सिस्टीम घेत नाही." माणसानं हयगय केली की म्हणतो, "अ‍ॅपमध्ये तसंच येतंय, आम्ही काय करणार?" खिडकीच्या आतला साहेब हे म्हणतो आणि खिडकीबाहेरचा माणूस मान हलवून परत जातो. त्या साहेबाला कुणी म्हणत नाही की बाबा, पडदा इकडे फिरव, आम्हालाही बघू दे. म्हणजे खोटं बोलणारा एक, ते मुकाट ऐकून घेणारा दुसरा आणि बदनाम होणार मी. यानं कुणाचं डोकं फिरणार नाही?

आता तुमच्यातल्या निम्म्यांना अ‍ॅप म्हणजे काय तेच माहीत नसेल. दिवसभर आमच्यावर बोटं घासता, पण आम्ही कोण ते विचारत नाही. तर सांगतो. फोनमध्ये एक मोठं सॉफ्टवेअर असतं. बॅटरी किती उरली, पडदा कधी विझवायचा, कुणाला किती जागा द्यायची, हे सगळं ते बघतं. ते घरमालक आणि आम्ही भाडेकरू. आम्हा भाडेकरूंना अ‍ॅप्लिकेशन सॉफ्टवेअर म्हणतात. तुमचं एखादं नेमकं काम करून देणं हा आमचा धंदा. बेरीज करणारं एक, फोटो काढणारं दुसरं, पत्र लिहायचं, गाणं लावायचं, पावसाचा अंदाज सांगायचं, गाडीचं तिकीट काढायचं, प्रत्येकाला वेगळं. कामाचं सूत्र आमच्यात माणूसच घालतो. आम्ही ते इमानानं चालवतो. सूत्र चुकीच्या जागी लावलं तरी तितक्याच इमानानं चालवतो. हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण गंगीबाईच्या शेताचं जे झालं ते त्यामुळेच झालं.

माझा जन्म नंदुरबारचा. मिरचीच्या बाजारामागे एका भाड्याच्या खोलीत रोहिणी नावाची मुलगी संगणकावर काम करायची. बाहेर मैदानभर लाल मिरची वाळत पडलेली आणि आत ही दोन ओळी लिहायची, चारदा शिंकायची. तिनं मला मोजणी शिकवली. मी ज्या फोनमध्ये आहे तो फोन या घडीला पृथ्वीवर नेमका कुठे आहे, ते उपग्रहांच्या इशाऱ्यावरून ओळखायचं. फोन हातात घेऊन माणूस शेताच्या बांधावरून चालला की दर दोन पावलांना एक ठिपका टाकायचा. ठिपके जोडून रेघ करायची. माणूस निघाला तिथे परत आला की रेघ बंद करायची आणि आतलं क्षेत्र किती, ते पडद्यावर सांगायचं. बस्स. त्यापलीकडे मला काही येत नव्हतं आणि कुणी शिकवलंही नाही.

डोंगरातल्या लोकांना वनहक्काचे दावे भरायला मदत करणाऱ्या एका संस्थेनं मला घेतलं. जंगलात बापजाद्यांपासून कसत आलेली जमीन आपल्या नावावर मागायची, तर तिचा नकाशा लागतो. पूर्वी साखळी ओढून मोजायला दोन दिवस जायचे. मी ते तासाभरात करायला लागलो. मग काय, कौतुकच कौतुक. सभागृहात कार्यक्रम झाला, मला मोठ्या पडद्यावर दाखवलं, टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी नारळ फोडला तो मात्र संगणकासमोर. मी त्यात नव्हतोच, मी फोनमध्ये होतो. पण असो.

माझ्या नशिबी आला तो भाग्येशचा फोन. भाग्येश शहाद्याकडच्या सपाट गावातला, तापीकाठच्या काळ्या जमिनीत वाढलेला, घरी केळी आणि ऊस. पोराला नोकरी पाहिजे होती, चढण नको होती. डोंगर दिसला की त्याचा चेहरा आंबायचा. प्रशिक्षण एकाच दिवसाचं झालं. रोहिणीनं त्यात एक नमुना चित्र दाखवलं होतं. चौकोनी शेत आणि त्याच्या कडेनं डावीकडे निघणारा बाण, घड्याळाच्या काट्याच्या उलट. तिला गणितात तशी सवय म्हणून तिनं बाण तसा काढला होता. भाग्येशनं त्याचा नियम करून टाकला. "डावीकडूनच निघायचं, नाहीतर अ‍ॅप बिघडतं," असं तो जिथे जाईल तिथे सांगायचा. मी बिघडत वगैरे काही नव्हतो. कुठल्याही बाजूनं चालला असता तरी मला सारखंच होतं. पण मला विचारतो कोण?

सुरुवातीला तो लोकांबरोबर बांधावरून चालायचा. पहिलं वर्ष सरलं तसा तो मोहाच्या सावलीत बसायला लागला. फोन शेतवाल्याच्या हातात द्यायचा, "फिरून ये" म्हणायचा आणि आकडा आला की तो कागदावर उतरवायचा. माझ्या पडद्याला तडे गेले होते. एका कोपऱ्यात डाळीचं पाणी शिरून डाग पडला होता. नवीन अ‍ॅप येणार, याला काढून टाकणार, अशी बोलणी माझ्यासमोरच चालायची. तुमच्यासमोर कुणी असं बोललं तर तुम्ही जेवण टाकलं असतं.

मागच्या हिवाळ्यात आम्ही नवापूरच्या सीमेवरच्या डोंगरात चिंचफळी नावाच्या पाड्यावर गेलो. पलीकडच्या टेकडीपासून गुजरात. पाड्यावर निम्मी घरं देवाची आणि निम्मी येशूची, शेतं मात्र एकमेकांना चिकटलेली. तिथल्या वनहक्क समितीची सचिव लिडिया. बारावी झालेली, चष्मा लावणारी, कमी बोलणारी मुलगी. घरी लोक कोकणी बोलीत बोलायचे, कोकणातली नव्हे, इथल्या डोंगरातली आदिवासी बोली; ती आम्हाला मराठीत सांगायची. शुक्रवारी ग्रामसभा होती. त्या दिवशी नकाशांवर ठराव होऊन कागद तालुक्याला जाणार होते. एकदा कागद गेला की पुढची काही वर्षं त्याला कुणी हात लावणार नव्हतं.

गंगीबाईचं शेत मोजायचं होतं मंगळवारी. गंगीबाई म्हणजे सुकरामची विधवा, साठीच्या पुढची, पायात चप्पल नाही, तोंडात शिवी तयार. तिचं शेत दोन तुकड्यांचं. वरचा तुकडा, मग मध्ये चिंचोळी कंबर, मग खालचा तुकडा. एका कडेला नाला, दुसऱ्या कडेला सागाची झाडं. त्या चिंचोळ्या जागेच्या मधोमध शेंदूर लावलेला वाघदेवाचा दगड. खालच्या तुकड्यावरून भांडण होतं आणि ते जुनं होतं. सुकरामचा चुलतभाऊ स्टीफन म्हणायचा, तो तुकडा माझ्या बापाच्या वाट्याचा आहे. बाप ख्रिस्ती झाला तेव्हा भावकीनं त्याला तिथून हाकललं. गंगीबाई म्हणायची, त्याच्या बापानं तो तुकडा स्वतःहून सोडला, आम्ही दगड वेचून तो कसला. तीस वर्षं दोन्ही घरं एकमेकांच्या अंगणात पाय ठेवत नव्हती. आणि लिडिया या स्टीफनचीच मुलगी.

भाग्येश त्या दिवशी वैतागलेला होता. मोटारसायकल नाल्याच्या अलीकडे ठेवून चढून यावं लागलं होतं. वरच्या तुकड्यात सागाच्या कोपऱ्यावर उभं राहून त्यानं मला सुरू केलं आणि फोन गंगीबाईच्या हातात दिला.

"आजी, डावीकडून निघायचं. वरच्या बांधानं नाल्याकडे, मग खाली. सगळा बांध फिरून इथेच यायचं. मध्ये कुठे बटण दाबू नको."

"तू नाही येत?"

"मी इथून बघतो."

त्यानं काय बघितलं ते मला माहीत आहे. त्यानं डोळे मिटले.

गंगीबाई निघाली. फोन दोन्ही हातांत, पोटाशी धरलेला. वरच्या बांधानं नाल्याकडे, नाल्याच्या कडेनं खाली. मी ठिपके टाकत होतो. चिंचोळ्या जागेशी ती आली आणि थांबली. तशीच नाल्याच्या कडेनं गेली असती तर वाघदेव तिच्या डाव्या हाताला आला असता. वाघदेवाला डावीकडे टाकून त्या पाड्यावर कुणी जात नाही. गुरं नेताना नाही, पेरताना नाही, सरपण डोक्यावर असताना नाही. देव उजव्या हाताला ठेवूनच पुढे जायचं. म्हणून ती देवाच्या अलीकडूनच आडवी गेली, सागाच्या कडेला पोचली आणि देव उजवीकडे ठेवून खाली उतरली. सागाच्या कडेनं खालचा तुकडा, मग तळाचा बांध, मग नाल्याच्या कडेनं वर. या बाजूनं वर चढताना देव आपोआप उजवीकडे. देव मागे पडल्यावर ती पुन्हा आडवी सागाकडे गेली, राहिलेली कड चालली आणि निघाली तिथे आली. बांधाचं एक पाऊलसुद्धा तिनं सोडलं नव्हतं. तिच्या हिशेबी काम चोख झालं होतं आणि खरोखर ते चोखच होतं.

पण माझ्या रेघेनं कंबरेत स्वतःलाच ओलांडलं होतं. चौकटीच्या जागी इंग्रजी आठाचा आकडा झाला होता. वरचा तुकडा एका दिशेनं फिरलेला आणि खालचा उलट दिशेनं. माझ्या सूत्रात उलट फिरलेलं क्षेत्र वजा होतं. वरचा तुकडा ऐंशी गुंठे, खालचा सत्तर. मी ऐंशीतून सत्तर काढले आणि पडद्यावर लिहिलं, दहा गुंठे.

रेघ ओलांडली गेली, हे मला कळलं होतं का? कळलं होतं. ठिपके माझेच होते. मग बोललो का नाही? कारण अशा वेळी बोल, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. तुम्हाला वाटतं तेवढे आम्ही हुशार नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगतो.

भाग्येशनं चित्र बघितलंच नाही. आकडा बघितला आणि कागदावर "१० गुंठे" लिहिलं. लिडियानं तो वाचला आणि चष्मा सारखा केला.

"सर, काकीचं शेत एवढं लहान नाही. पावणेचार एकराच्या आसपास असेल."

"अ‍ॅपमध्ये दहा आलंय. मी माझ्या मनानं वाढवू का?"

लिडियानं गंगीबाईला तिच्या बोलीत सांगितलं. गंगीबाईनं आधी भाग्येशकडे बघितलं, मग लिडियाकडे. मग जे बोलली ते मराठीत, भाग्येशला कळावं म्हणून.

"हिनं केलं. हिच्या बापानं हिला शिकवलं. खालचा तुकडा खाल्ला, वरचा पण खाल्ला."

"काकी, फोन तुमच्या हातात होता. मी हात लावला का?"

"हात लावायला काय लागतं? तुम्ही शिकलेले, लांबून पण लावता."

लिडियाचा चेहरा उतरला. तिनं वही मिटली आणि ती चालायला लागली. मला तिचा राग आला. भांडायचं सोडून ही जाते काय? पण मीही गप्पच होतो, तेव्हा कुणाला काय बोलणार.

दोन दिवसांत पाडा पेटला. एक जण म्हणाला, म्हातारीला चालवलं नसेल, अर्ध्यातून परत आली असेल. दुसरा म्हणाला, फोनमध्ये ख्रिस्ती लोकांनी काहीतरी भरलंय. तिसऱ्यानं वाघदेव कोपल्याचं काढलं. स्टीफनच्या अंगणात कुणीतरी दगड टाकला, त्यानं पाण्याचा माठ फुटला. स्टीफन रस्त्यावर उभा राहून ओरडला की मशीन खोटं बोलत नाही, माझं होतं ते मशीननंच तिच्याकडून काढलं. इतक्या लोकांत एकानंही माझा पडदा उघडून बघितला नाही. मी खिशातच होतो, भाग्येशच्या, तंबाखूच्या पुडीशेजारी.

शुक्रवारी सकाळी ग्रामसभेआधी गंगीबाई शाळेच्या ओट्यावर येऊन बसली. रात्रभर जागल्यासारखे डोळे लाल. ती भाग्येशला म्हणाली, "परत मोज." भाग्येश म्हणाला, एकदा मोजलेलं परत मोजायचं नसतं, अ‍ॅप घेत नाही. बघा, हे असं. मी घेत होतो हो! शंभरदा घेतलं असतं! मग गंगीबाईनं त्याची मोटारसायकल ठेवली होती तिकडे बोट केलं आणि शांतपणे सांगितलं की दहा गुंठ्यांच्या कागदावर आज अंगठा घेतला तर गाडी नाल्यात जाईल. चार बायका तिच्या मागे उभ्या राहिल्या.

भाग्येश घाबरला. बाजूला जाऊन त्यानं रोहिणीला फोन लावला आणि तिच्यावरच आपल्या अहिराणीत खेकसला.

"रोहिणी, तुन्हं अ‍ॅप येडं व्हयी गयं शे. पावणेचार एकरनं वावर दहा गुंठा दखाडस. आठे लोके मन्ही गाडी नालामा टाकी ऱ्हायनात!"

"तू त्या बाईना संगे चालना का?"

"नही."

"नकाशा दखा का?"

"आकडा दखा ना."

"मंग मन्हा अ‍ॅपले कसाले गाया देस? नकाशा उघाड आधी."

माझ्या अ‍ॅपला शिव्या कशाला देतोस, असं माझी बाजू घेऊन माझ्या आयुष्यात कुणी विचारलं असेल तर ते एवढंच. भाग्येश तोंड वाकडं करून परत आला, ओट्यावर बसला आणि त्यानं नकाशा उघडला. लिडिया वाकली, चार माणसं वाकली. गर्दीच्या मागून स्टीफननंही मान लांब केली. पडद्यावर माझा आठ दिसत होता, कंबरेत फुली मारल्यासारखा.

भाग्येश हसला. खरं तर सुटल्यासारखा हसला.

"हे बघा. अ‍ॅप काय करेल? सरळ बांधानं चाल म्हटलं, तर ही बाई मधूनच फिरली. तुम्हा लोकांना साधं सरळ चालताही येत नाही."

गंगीबाईला चित्र कळत नव्हतं, ती फक्त चेहरे बघत होती. आणि मग स्टीफन पुढे आला. रुंद छातीचा, पांढऱ्या मिशांचा माणूस. त्यानं भाग्येशच्या हातातून फोन ओढून घेतला, बोटानं ती फुली दाखवली आणि विचारलं, "ही जागा कोणती?"

"मधली. चिंचोळी."

"तिथे काय आहे?"

"मला काय माहीत? दगड आहे कसला तरी."

"कसला तरी," स्टीफन म्हणाला. त्याच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. "तू तिला कुठून निघायला सांगितलं?"

"डावीकडून. अ‍ॅपचा नियम आहे."

"डावीकडून निघाली म्हणून देव डाव्या हाताला आला. ती देवाला डावा टाकून जाईल का? माझा बाप येशूकडे गेला, मी त्या दगडाला नारळ देत नाही. पण मी पण तिथून गुरं नेताना उजवीकडूनच घेतो. पाय आपोआप वळतो. आम्हाला सरळ चालता येतं, साहेब. तुला बरोबर चालायला येत नाही, म्हणून तू झाडाखाली बसला."

गंगीबाई उभी राहिली. तिनं लिडियाला बोलीत काहीतरी विचारलं, लिडियानं उत्तर दिलं. मग गंगीबाई सरळ स्टीफनला म्हणाली, "तुला कळलं होतं तर दोन दिवस गप्प का?"

"चित्र आता बघितलं, वहिनी. आणि ऐक. खालचा तुकडा माझ्या बापाचा आहे. तो मी तुझ्याशी भांडून घेणार, सभेत घेणार, कोर्टात घेणार. असा नाही घेणार. हा उद्या सगळीकडे सांगेल की चिंचफळीची बाई चालायला चुकली."

"घेऊन दाखव," गंगीबाई म्हणाली.

"दाखवीन."

मित्रांनो, तुम्हाला इथे दोघांनी गळ्यात गळा घालायला हवा होता ना? नाही घातला. मला ते आवडलं. प्रेमानं सगळं सुटतं असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. तिथे जे सुटलं ते रागानं सुटलं.

पुन्हा मोजणी झाली. स्टीफननं भाग्येशला झाडाखाली बसूच दिलं नाही, मानेला धरल्यासारखं शेजारी चालवलं. या वेळी गंगीबाई उजवीकडून निघाली. सागाच्या कडेनं खाली, देव उजवीकडे. तळाच्या बांधानं वळून नाल्याच्या कडेनं वर, देव उजवीकडे. वरच्या बांधानं परत. रेघ कुठेही ओलांडली गेली नाही. नियम उलटा झाला म्हणून मी बिघडलो नाही. पडद्यावर आलं, तीन एकर तीस गुंठे. लिडियानं आकडा मोठ्यानं वाचला. गंगीबाईच्या तोंडातून एक शिवी गेली, ती कुणाला होती ते कळलं नाही. मग ती बांधावरच खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली.

ग्रामसभेत ठराव झाला. तीन एकर तीस गुंठ्यांच्या कागदावर गंगीबाईचा अंगठा उठला. त्याच कागदाखाली स्टीफनची हरकत खालच्या तुकड्यापुरती लिहिली गेली आणि ती लिहिली लिडियानं, स्वच्छ अक्षरात, बापाच्या बाजूनं एक शब्द जास्त नाही की कमी नाही. गंगीबाईनं तिला जवळ बोलावून डोक्यावरून हात फिरवला नाही. म्हणाली फक्त, "तुझं अक्षर चांगलं आहे." लिडियानं मान हलवली.

भाग्येशनं संस्थेला कळवलं ते काय? "अ‍ॅपमध्ये तांत्रिक अडचण आली होती, दूर केली." ऐकलंत?

पण म्हातारी फोन सोडायला तयार नव्हती. तिला तिची चुकलेली रेघ आता नीट बघायची होती. लिडियानं ती कशी बघायची ते दाखवलं. पडद्यावर बोट सरकवलं की पुढचा नकाशा येतो, हे गंगीबाईच्या लगेच लक्षात आलं. ती सरकवत गेली. कुठल्या कुठल्या गावांची शेतं, वर्षा-दोन वर्षांपूर्वीची. चौकोनी, लांबट, वाकडी. एका ठिकाणी तिचं बोट थांबलं. तिला अक्षर वाचता येत नाही. पण तो आकार आता तिला वाचता येत होता.

"हा कोणाचा?"

लिडियानं वाचलं. "रूपसिंग. तोरणमाळच्या वाटेवरचा पाडा. चार गुंठे."

"याला सांगितलं?"

भाग्येश गाडीची किल्ली चाचपायला लागला. तिनं पुन्हा बोट सरकवलं. अक्कलकुव्याच्या डोंगरातला एक निघाला. मग आणखी एक. लिडिया वहीत नावं लिहायला लागली. सात झाली. सातही मीच मोजली होती, प्रत्येकाला एक आकडा दिला होता आणि त्यातल्या एकानंही मला पडदा फिरव म्हटलं नव्हतं. मला वाटत होतं, माझी फक्त बदनामी झाली आहे. त्या ओट्यावर बसून मला कळलं की माझ्या हातून वाईटही झालं आहे. त्याची मला लाज वाटते.

"ते जुनं आहे, आजी. कागद गेले. नंतर बघतो," भाग्येश म्हणाला आणि त्यानं फोन मागितला.

गंगीबाईनं फोन कमरेला खोचला. "आधी त्याला फोन लाव."

"कशावरून लावू? फोन तुझ्याकडे आहे."

स्टीफननं स्वतःचा फोन काढून भाग्येशच्या नाकासमोर धरला. गंगीबाईकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. "यावरून लाव."

नंबर माझ्याजवळ रूपसिंगच्या नकाशाखालीच होता. लिडियानं तो नावाबरोबर वहीत उतरवला होता, तिनं वाचला, भाग्येशनं दाबला. डोंगरात फोन लागायला वेळ लागतो. तो लागेपर्यंत तुम्हाला सांगून घेतो. मला जपा, धूळ पुसा, असलं काही मी मागत नाही. पुढच्या महिन्यात मला काढून टाकणार आहेत, खुशाल टाका. नवीन येईल त्यालाही माणूसच शिकवणार आणि त्यालाही काहीतरी शिकवायचं राहून जाणार. तेव्हा कुणी तुम्हाला म्हणालं की अ‍ॅपमध्ये असंच येतंय, तर मान हलवून घरी जाऊ नका. पडदा फिरवायला लावा. आकड्यामागची रेघ बघायला मागा. मागितली की ती दाखवावी लागतेच, आम्हाला लपवता येत नाही. भांडायची लाज वाटत असेल तर चिंचफळीला जाऊन चार दिवस राहून या.

फोन लागला. पलीकडून वाऱ्याचा आवाज आला, मग एका माणसाचा. भाग्येशनं फोन कानापासून लांब धरला, तो लिडियानं घेतला.

"रूपसिंग काका, तुमच्या शेतात देव आहे का?"

"आहे ना," पलीकडून आवाज आला. "मधोमध आहे. का?"